सर शेवटी बोलतात

"कवठं पडून गाड्यांना पोचे येतात. झाड तोडूनच टाका!" पार्किंगमध्ये भरलेल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये सरपोतदार कडाडले.

अध्यक्ष खरवंडीकर सर ऐकत होते. साहेब आधी बोलला की बाकीचे विचार करायचं सोडतात, म्हणून साहेबाने शेवटी बोलावं, हे कंपन्यांना शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. त्यावर त्यांची जाडजूड पुस्तकंही होती.

सगळे अगदी मोकळेपणाने बोलले. झाड तोडण्याचा ठराव एकमताने झाला. शेवटी सर बोलले, "चला, चहा घ्या."

चहा पिताना कुणीतरी सरपोतदारांना सांगितलं, की ते कवठ सरांच्या दिवंगत पत्नीने लावलं होतं. ते ओशाळून सरांकडे गेले.

"अहो सर, आधी सांगायचंत ना! कुणी ब्रसुद्धा काढला नसता."

"म्हणूनच नाही सांगितलं," खाली पडलेलं कवठ उचलत सर म्हणाले.