पहिली तक्रार

हौशी मासेमारांना नियम सांगणारं मोबाईल ॲप बनवायचं काम अंगदने घेतलं आणि त्याच्या माळकरी वडिलांनी, हनुमंतरावांनी, त्याचं ताट पडवीत काढलं. "माशाच्या पैशाचा इटाळ माझ्या सैपाकघरात नगं!" त्याच पैशाचा फ्रिज मात्र सैपाकघरातच राहिला.

माशांच्या विणीच्या महिन्यात कोणी तलावात गळ टाकला, तर फोटो काढून तक्रार करायची सोय ॲपमध्ये होती. चाचणीसाठी अंगदने ते आईच्याही मोबाईलवर टाकून दिलं होतं. आज पडवीत जेवता जेवता त्याने आलेली पहिली तक्रार उघडली आणि घास हातातच राहिला. फोटोत धोतर खोचून, गळाला लागलेला गलेलठ्ठ कटला ओढत होते हनुमंतराव! तुळशीची माळ शेजारच्या बाभळीला अडकवलेली.

"आई, अगं हे... आबा?"

भाकरी वाढायला आलेल्या भागूबाईंनी मोबाईलकडे पाहिलंसुद्धा नाही. "त्वांड मिट. फोटू मीच काढलाय," म्हणत त्यांनी लेकाचं ताट उचललं आणि आत, हनुमंतरावांच्या पाटासमोर नेऊन ठेवलं.