औषधाचा थेंब नाही

"साठी उलटली, पण पोटात औषधाचा थेंब नाही," असं निवृत्त मास्तर उठसूट ऐकवायचे. तेच मास्तर परवा सकाळी दात घासताना बेसिनमध्ये भडाभडा रक्त ओकले.

इस्पितळात एका हाताला सलाईन, दुसऱ्या हाताला रक्ताची पिशवी लागली. डॉक्टरांनी तीनदा विचारलं, "मास्तर, कुठली औषधं चालू आहेत?" मास्तरांनी तीनदा "एकही नाही" म्हणून ठणकावलं, आणि मध्ये तोंड उघडणाऱ्या बायकोला डोळे वटारून गप्प केलं. शेवटी घशातून दुर्बीण घालून जठरातली वाहती जखम शोधावी लागली, तिला क्लिप लावली तेव्हा कुठे रक्त थांबलं.

दुसऱ्या दिवशी बायकोला राहवेना. तिने पर्समधून दुखण्यावरच्या गोळ्यांचं पाकीट काढून डॉक्टरांच्या हातात ठेवलं. "गुडघ्यासाठी सहा वर्षं रोज दोन घेतात, तेही उपाशीपोटी."

"अहो, यानेच पोटाची चाळण झाली! काल का नाही बोललात?"

"औषधाचं विचारलंत ना?" मास्तर उखडले. "औषध डॉक्टर लिहून देतो. ही नुसती गोळी आहे, मी स्वतः दुकानातून आणतो!"

डॉक्टरांनी पाकीट जप्त केलं. मास्तरांनी कान पकडले.



डॉक्टरांची पाठ वळली, तसा शेजारच्या खाटेवरचा पेशंट कंबर धरून कण्हला. मास्तरांनी चष्म्याच्या घरातून हळूच दुसरं पाकीट काढलं, "घ्या हो बिनधास्त, हे काही औषध नाही!"