काढ्याची बाटली

आधाराने दवाखान्याची पायरी चढताना इंदूच्या पायातली चप्पल निसटली. ते तिला कळलेही नाही. त्र्यंबकरावांनी ती उचलली.

तीन आठवड्यांपूर्वी त्यांनीच गुलाबांवर फवारून उरलेले कीटकनाशक काढ्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवले होते. इंदूने काढा समजून ते चमचाभर घेतले आणि ती यमाच्या दारातून परत आली. नवऱ्याला कोणी नावे ठेवू नयेत म्हणून ‘बाटलीत मीच ओतलं होतं’ असे ती सर्वांना सांगत राहिली. त्यांनीही झाकली मूठ झाकलीच ठेवली.

“विष आता नसांत उतरलंय,” डॉक्टर म्हणाले. “काहींना ते असं मागाहून गाठतं. पाय पूर्ववत होतीलच असं नाही.”

“बाटली मी भरली होती,” त्र्यंबकराव म्हणाले.

इंदूने त्यांच्याकडे पाहिलेही नाही. “मी चालत होते, तेव्हा सांगायचं होतंत.”