एका रात्रीतली मेथी

“सांगितलं तर कुणी खरं मानणार न्हाय,” महिपती तात्या म्हणाले, “पण काल दिवस मावळताना हे डबे मोकळे होते, आन आज बघा, वीतभर मेथी.”

जळोचीतल्या त्या गच्चीवर रविवारी सकाळीच माणसं जमली होती. खालच्या मजल्यावरच्या विजयमालाबाई, समोरचे रामहरी मास्तर आणि हातात गाडीची किल्ली घेतलेला तात्यांचा मुलगा गोकुळ. तात्यांची पिशवी भरून जिन्यात ठेवली होती. पैजच तशी लागली होती.

बायको, बनाबाई, गेल्यावर गोकुळनं बापाला वरकुट्याहून इथं आणलं, त्याला तीन महिने झाले. तात्यांचं मन काही लागेना. मग सुनेनं, संजीवनीनं, त्यांना गच्चीवर कामाला जुंपलं. तेलाच्या रिकाम्या डब्यांना खिळ्यानं भोकं पाडली. खताच्या गोण्या दुमडून कुंड्या केल्या. शेजारच्या बांधकामावरची तांबडी माती वर चढवली. पाण्याच्या बाटल्या उलट्या टांगल्या की झालं ठिबक. पण डब्याला हात लावला की तात्यांना गावाकडचं परसच आठवायचं. घरात काही फुटलं की बनाबाई खूश व्हायची. फुटक्या माठात पुदिना, गळक्या बादलीत मिरची, बुड गेलेल्या पातेल्यात ओवा. न्हाणीचं पाणी सगळ्यांना पुरायचं. आता घराला कुलूप, आणि त्या पुदिन्याकडं बघायला कुणी नाही.

शेवटी तात्यांनी जाहीर केलं, या डब्यांत मेथी करतो. आठ दिवसांत उगवली तर कायमचा हितं राहीन. न्हाय उगवली तर हितली माती मला मानवत न्हाय असं समजायचं आन मला वरकुट्याला नेऊन सोडायचं. एकट्यानं कसं राहाल, असं विचारायचं न्हाय. गोकुळ कबूल झाला. मेथीच ती, चौथ्या दिवशी कान वर काढते. तात्या सांज-सकाळ न चुकता पाणी घालत होते. सात दिवस झाले तरी सहा डब्यांत मिळून नखाएवढं हिरवं दिसलं नाही. गोकुळचा चेहरा उतरत गेला. तात्यांनी पिशवी भरली.

आणि आठव्या दिवशी ही मेथी.

माणसं वर येण्याआधीच तात्यांनी वाकून एक रोप उपटलं होतं, आणि तेव्हाच त्यांना सगळं कळलं होतं. डब्यातली माती तांबडी, मुळाला चिकटलेली मात्र काळी. मंडईतल्या मुळासकटच्या जुड्या आणून, सोडून, कुणीतरी पहाटे एकेक काडी खोचत बसलं होतं. संजीवनी ओढणीला हात पुसत मागं उभी होती. तिच्या नखांत तांबडी माती होती. तात्यांनी मूळ नाकाशी नेलं. ओल्या रानाचा वास आला. बनाबाईमागं आपल्यासाठी एवढा खटाटोप कुणी केला नव्हता, असं त्यांना वाटून गेलं. त्यांनी ते रोप गुपचूप परत खोचलं.

म्हणूनच आता सुनेची लबाडी झाकायला त्यांनी तोंडाचा पट्टा सोडला होता. म्हणाले, पहाटे कुरकुर ऐकू आली, वाटलं उंदीर असंल, तर मेथी वाढत होती. एक डबा तर वाढीच्या जोरानं जिन्यापर्यंत सरकला, मीच कान धरून मागं आणला. रामहरी मास्तरांनी चष्मा वर केला. पानं जरा मलूल दिसतात, म्हणाले. तात्या म्हणाले, तुमी रातभर वाढला असता तर तुमीबी दमला असता. विजयमालाबाईंनी हसू लपवायला तोंड फिरवलं. गोकुळनं किल्ली खिशात टाकली आणि बापाची पिशवी उचलून आत नेऊन ठेवली.

बी कुठलं, असं मास्तरांनी विचारलं. तात्यांना आणखीच चेव आला. बनाबाईनं राखलेलं घरचं बी ते, स्वतःच्या हातानं चिमूट चिमूट पेरलं, वरनं बोटानं माती सारली, आन...

“पुरं आता, तात्या,” संजीवनी म्हणाली. “बी तुमी पेरलंच नव्हतं. पयल्याच दिवशी सगळे डबे उकरून बघितलेत मी.”