मागची गाडी

फोनच्या नकाशाने एकदा नव्या कॅम्पर व्हॅनचा टप फणसाच्या फांदीखाली अडकवला, तेव्हा कुडाळच्या गुरुप्रसाद मास्तरांनी कानाला खडा लावला आणि खास अशा गाड्यांसाठीचं जीपीएस घेतलं. ते आधी गाडीची उंची, लांबी विचारी आणि मगच रस्ता दाखवी. मागे ट्रेलर जोडला आहे का, असंही त्याने विचारलं. मास्तरांनी ‘नाही’वर बोट ठेवलं.

वेंगुर्ल्याहून परतताना पडद्यावर आपोआप ‘ट्रेलर आहे’ असं उमटलं. त्यांनी ते बदललं. वालावलच्या तळ्यापाशी ते पुन्हा उमटलं.

“नवीन आसा, रुळात हळूहळू,” शेजारी बसलेली त्यांची बायको शर्मिष्ठा म्हणाली.

पुढच्या चढणीवर वाट अगदीच चिंचोळी झाली. गवताचा भारा घेऊन वरून येणारी एक बाई कडेच्या दगडी गडग्याला अंग चिकटवून उभी राहिली. व्हॅन तिला ओलांडून गेली, तरी आरशात ती तशीच उभी दिसत होती.

मास्तरांनी गाडी थांबवली. “बाय, जा मगे आता!”

“तुमची मागची गाडी माझ्या पुढ्यात उभी आसा मां,” ती म्हणाली. “ती जांव दे, मगे जातंय.”

शर्मिष्ठा खाली उतरली. त्या बाईला ओलांडून ती उतारावर गेली, रस्त्याच्या मधोमध थांबली आणि वळली. “हय कायच नाय ओ!”

तेवढ्यात यंत्र नेहमीच्याच शांत आवाजात बोललं, “ट्रेलर सुटला आहे.”

बाईने डोक्यावरचा भारा टाकला आणि ती जिवाच्या आकांताने ओरडली, “वैनीनू, बाजूक सरा!”