ओलं जॅकेट

सकाळी सात वाजता पुढच्या चौकीवर तोफगोळा पडला आणि ड्रायव्हर जागीच गेला. स्वतःचं जॅकेट ओलं होतं म्हणून निघताना त्याने आपल्या बालमित्राचं अंगात चढवलं होतं. चेहरा ओळखू येत नव्हता. छातीवरची नावाची पट्टी वाचून दुपारी निरोप त्या मित्राच्या घरी गेला.

संध्याकाळी चूक कळली. साहेबांनी मित्राला घरी फोन लावून दिला. "नुसता आवाज ऐकव. ड्रायव्हरचं उद्या माणूस पाठवून कळवू. तू काही बोलायचं नाही."

"आई, मी बोलतोय. धडधाकट आहे."

आईला हुंदका आवरेना. फोन ड्रायव्हरच्या आईने घेतला. दुपारपासून तीच तिला धरून बसली होती.

"मेल्या, प्राण कंठाशी आणलेस की रे आमचे! आता शंभर वर्षं जगशील बघ. आणि आमच्या ध्यानाला कळलंय का, तू जिवंत आहेस ते? तुझ्यासाठी जेवणखाण सोडून रडत बसला असेल. दे त्याला फोन."

"काकू..."

साहेबांनी मानेनेच नाही म्हटलं.

फोन अजून चालू आहे. पलीकडे काकू लेकाच्या आवाजाची वाट बघताहेत.