एक गाणं कमी

पडद्यावर लाईल प्रुइटने कडक जमिनीत फावडं रोवलं आणि अंधारातून कुणीतरी ओरडलं, "अरे लाईल, आता गा की!"

अख्खं थिएटर खो खो हसलं.

खरा लाईल शेवटच्या रांगेत हॅट डोळ्यांवर ओढून बसला होता. अमरिलोतल्या त्या थिएटरात शनिवारी दुपारी सिनेमाचा चाचणी खेळ लावला होता. लोकांना काय रुचतं ते आधी बघायचं आणि मग कात्री चालवायची, ही सिनेमा कंपनीची रीत. त्याचं नाव वाचून पोरींनी पुढच्या रांगा धरल्या होत्या. टेक्ससमधल्या निम्म्या लग्नांत त्याच्या गाण्यांवर नाच झाला असेल. पण या काऊबॉय सिनेमात तो गात नव्हता, हातात गिटार नव्हती. उजाड माळावरचा एक गुराखी तापाने गेलेलं आपलं पोर स्वतःच्या हातांनी पुरतो, असा तो प्रसंग. जेमतेम दोन मिनिटांचा. या भूमिकेसाठी लाईलने आठ महिने कंपनीचे उंबरे झिजवले होते.

हसू उसळलं तेव्हा शेजारी बसलेल्या व्हर्नाने, त्याच्या बायकोने, मान वळवली नाही. ती समोर बघत राहिली.

त्यांचा मुलगा नेड तीन वर्षांचा असताना वारला, त्याला आता चार वर्षं झाली होती. तेव्हा लाईल शिकागोत होता. गाण्याच्या कार्यक्रमाची तिकिटं विकली गेली होती, तो मोडता येत नव्हता. तो गायला. घरी पोचला तेव्हा सगळं उरकलेलं होतं. त्या दिवसाबद्दल व्हर्नाने कधी चकार शब्द काढला नाही, आणि त्यालाही विचारायचा धीर झाला नाही.

खेळ सुटल्यावर निर्माता ग्रॅनिकने त्याला बाहेर गाठलं. त्याच्या हातात प्रेक्षकांनी लिहून दिलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता.

"हे बघ. 'गाणं कुठाय?' ही दुसरी. 'लाईल गात का नाही?' सगळ्यांची हीच रड."

"हं."

"ऐक माझं. त्या दोन मिनिटांवर तुझा आवाज चढवू. तू खणतोयस आणि मागून एक संथसं गाणं. बायका रुमाल भिजवतील बघ."

"नाही, मिस्टर ग्रॅनिक."

"अरे राजा, ते हसले! मी नाही हसलो. तीस वर्षं या धंद्यात आहे, असं काम मी फार थोड्यांचं पाहिलंय. पण ते हसले, त्याला मी काय करू?"

"मग तो प्रसंगच काढून टाका."

ग्रॅनिक त्याच्याकडे बघतच राहिला. "डोकं ठिकाणावर आहे का? तो काढला तर तुझं उरतं काय? घोड्यावर बसायचं आणि उतरायचं!"

"तेवढं राहू द्या."

"करारात लिहिलंय, लाईल. मी गाणं मागितलं तर तुला द्यावं लागेल."

"ठाऊक आहे," लाईल म्हणाला. "मागू नका. एवढंच म्हणतो."

ग्रॅनिकने चिठ्ठ्या सारख्या केल्या, पुन्हा विस्कटल्या, शेवटी कोटाच्या खिशात कोंबल्या. "सोमवारी कापतो. कापलेला तुकडा आम्ही जपून ठेवत नाही. मागाहून माझ्याकडे येऊ नकोस."

"मिस्टर ग्रॅनिक," मागून व्हर्ना म्हणाली. दुपारपासून ती पहिल्यांदाच बोलत होती. "कापायच्या आधी मला तो एकदा बघायचाय. हॉलमध्ये कुणी नसताना."

ग्रॅनिकने आधी तिच्याकडे आणि मग लाईलकडे पाहिलं. काही न विचारता तो जिना चढून यंत्रावरच्या माणसाला सांगायला गेला.

रिकाम्या थिएटरात पॉपकॉर्नच्या पिशव्या पायांत येत होत्या. व्हर्ना मधल्या एका रांगेत जाऊन बसली. लाईल दाराशीच घुटमळला. तिने शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली, तेव्हा तो जाऊन बसला.

दिवे गेले. पडद्यावर वारा सुटला होता. खड्डा खणून झाल्यावर गुराख्याने गाडीतून लाकडाची लहानशी पेटी दोन्ही हातांवर घेतली. दोन पावलांत त्याचे गुडघे वाकले. तो थांबला, पेटी छातीशी सावरली आणि पुन्हा चालू लागला. खड्ड्यापाशी पोचेस्तोवर त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. दोराने पेटी खाली सोडताना त्याच्या तोंडून एक आवाज निघाला. रडणं म्हणावं तर रडणं नव्हतं ते. मग तो माती लोटू लागला.

या वेळी कुणी हसलं नाही.

फीत संपली. पडदा पांढराफटक झाला. वरच्या माणसाला दिवे लावायचं सुचलं नसावं.

"त्या पेटीत काय भरलं होतं?" व्हर्नाने विचारलं.

"दगड," लाईल म्हणाला. "मीच भरायला लावले. रिकामी फार हलकी वाटत होती."

व्हर्नाने पर्सची कडी उघडली, परत लावली.

"हलकीच असते, लाईल," ती म्हणाली. "मी एकटीनं उचलली होती."